गार इंजिन

इंजिन गरम होतं.

रिक्षाच्या मागं वाकून मी झाकण उचललं, आत तळहात टेकवला आणि लगेच मागं घेतला. जयराज पुढच्या बाजूला रिक्षा विकणाऱ्या भूपाल अण्णांशी टायरबद्दल बोलत होता. नवऱ्याला खुणेनं बोलावून हळूच सांगता आलं असतं. पण मी तिथंच, आष्ट्याच्या त्या गल्लीत, दारात उभ्या असलेल्या अण्णांच्या बायकोच्या, आक्काताईंच्या देखत बोलून गेले.

"अण्णा, आम्ही चारला येणार हे तुम्हाला माहीत होतं. आधीच चालू करून तापवून ठेवलीत का?"

अण्णा म्हणजे पासष्टीच्या पुढचा, खाकी शर्टातला किडकिडीत माणूस. हातातल्या फडक्यानं ते आरसा पुसत राहिले. जयराजचे कान लाल झाले. "राजेश्वरी, गप की जरा," तो दातातल्या दातात म्हणाला.

मी गप्प बसणार नव्हते, कारण चार दिवसांपूर्वी कराडात हेच झालं होतं. जुन्या गाड्यांच्या एका अड्ड्यावर जयराजला एक डिझेल रिक्षा फार आवडली होती. नवा रंग, सीटला नवं कव्हर, आणि बटण दाबताच चालू. डिझेलला जोर लागतो, मेकॅनिक गावोगाव मिळतो, असं त्याचं म्हणणं. पण दोन आठवडे दुपारी पोरगं झोपलं की मी फोनवर एकच गोष्ट बघत होते, जुनी तीनचाकी घेताना काय तपासायचं. त्यातली पहिली गोष्ट म्हणजे इंजिन गार असताना चालू करून बघायचं. विकणारा आधीच तापवून ठेवतो, त्यात दुखणी झाकली जातात. तिथंही मी हात लावला होता. मग चहा पिऊन येतो म्हणून आम्ही संगमावर जाऊन तीन तास बसलो आणि न सांगता परत गेलो. तीच रिक्षा अकराव्या वेळेला चालू झाली. निळा धूर एवढा आला की कडेवरचा पृथ्वीराज खोकायला लागला. तो माणूस म्हणाला, "डिझेल हाय वहिनी, थोडा धूर टाकणारच की."

पृथ्वीराज तीन वर्षांचा आहे. थंडी पडली की त्याची छाती भरते. मागच्या मार्गशीर्षात एका पहाटे त्याच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. शेजारची रिक्षा सांगलीला न्यायला काढली, तर ती चालू होईना. वीस मिनिटं. मी रस्त्यावर उभी, आणि पोराचा श्वास शिट्टीसारखा वाजतोय. शेवटी चालू झाली तर धूर आतच भरला. डॉक्टर रागावले नाहीत. अजून थोडा उशीर चालला नसता, एवढंच म्हणाले. पुण्यातलं कंत्राटी काम संपल्यावर जयराजनं रिक्षा घ्यायचं काढलं, तेव्हा तो मायलेजचा विचार करत होता. मी एवढाच करत होते की गारठ्यात ती पहिल्या झटक्यात चालू झाली पाहिजे आणि तिनं धूर टाकता कामा नये.

आक्काताई पायरी उतरून खाली आल्या.

"व्हय, गरम हाय," त्या म्हणाल्या. "आत्ताच सांगलीवरनं आल्यात. आज मंगळवार. मागल्या गल्लीतल्या शालूबाईला डायलिसिसला न्यायचं असतंय. सकाळी सोडायचं, दुपारी आणायचं. चार वर्सं झाली, एक पाळी चुकली न्हाई. तिला तसंच बसवून ठेवायचं व्हतं काय, तुमाला इंजिन गार पायजे म्हणून?"

मला कुठं बघावं कळेना. मी अण्णांना म्हणाले की चुकलं माझं. जयराजनं तर हातच जोडले.

"तसं न्हाई ताई," अण्णा फडकं खांद्यावर टाकत म्हणाले. "हात लावून बघितलासा ते बरं केलासा. आधी दोघं येऊन गेली. त्येंनी फक्त टेप वाजवून बघितला." त्यांनी किल्ली काढली आणि जयराजला नाही, मला दिली. "ही घरी न्या. माझ्याकडं दुसरी न्हाई. उद्या सकाळी सहाला या. माज्या आधी तुमी हात लावा."

ओळखीची ना पाळखीची मी, वर अपमान केलेला, आणि अकरा वर्षं चालवलेल्या गाडीची किल्ली माझ्या हातात. आक्काताईंनीच आम्हाला आत नेऊन बसवलं.

साडेपाच वाजले नव्हते तरी चुलीवर पिठलं होतं. जैनांच्या घरातली रीत, दिवस मावळायच्या आत जेवण. आम्हालाही ताटं आली. अकरा वर्षांची गाडी इतकी चांगली कशी राहिली असं जयराजनं विचारलं, तर आक्काताईंनी सांगितलं की दिवस मावळला की ह्यांचं जेवण झालेलं असतं आणि गाडी दारात लागलेली असते. ती अंधारात फक्त दोनदा चालली, दोन्ही वेळा बाळंतिणीसाठी. मघाचा घुस्सा त्यांच्या आवाजातून गेला होता. पृथ्वीराजला त्या भाकरीचा पापुद्रा काढून देत होत्या.

अण्णांनी जेवता जेवता गाडीचे दोष सांगायला घेतले. मी विकणाऱ्याला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. गाडी सीएनजीची, पण पेट्रोलची छोटी टाकी आहे. रोज सकाळी पेट्रोलवर चालू करायची, किलोमीटरभर पेट्रोलवरच न्यायची, मग गॅसवर टाकायची. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्ह लवकर झिजतात. गॅस आहे म्हणून पेट्रोलची टाकी रिकामी ठेवणारे इंजिन मारतात. गॅसला रांग असते, अर्धा तास धरूनच चालायचं. चढाला तिघं बसले की गाडी दमते. दुसरा गिअर गारठ्यात कधीमधी निसटतो. गॅसच्या टाकीची तपासणी येत्या चैत्रात करून घ्यावी लागेल.

"माल भरणार असशीला तर डिझेल घ्या," ते जयराजला म्हणाले. "माणसं बसवणार असशीला तर ही."

मग विकताय कशाला, असं मी विचारलं. त्यांनी ताट बाजूला सारून सांगितलं. शाळेची पोरं घेऊन जाताना त्यांना गतिरोधक दिसला नव्हता. रोजचा, दहा वर्षांचा ओळखीचा गतिरोधक. एका पोरीच्या कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच झालं. त्याच दिवशी त्यांनी शाळेची वर्दी, म्हणजे रोजची बांधलेली पोरं, दुसऱ्या रिक्षावाल्याला देऊन टाकली. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण नजर पुरती परत येणार नाही हे डॉक्टरनं सांगायच्या आधीच त्यांना कळलं होतं. आता फक्त शालूबाईची वर्दी राहिली होती, तीसुद्धा दिवसाउजेडी, जपून.

"ती वर्दी गाडीबरूबर जाणार," अण्णा म्हणाले. "मंगळवार आन् शुक्कीरवार. आधीच्या दोघांनी न्हाई म्हणलं. सुटतंय काय त्यात म्हणून. ती देती तेवढं घ्यायचं. तुमचं बी न्हाई असलं तर राग न्हाई, पिठलं खाऊन जावा."

जयराजनं माझ्याकडं बघितलं. आठवड्यातले दोन दिवस जाणार हे तो मनात मांडत होता, मला दिसत होतं. आणि मला ती पहाट दिसत होती, रस्त्यावर उभी असलेली मी. कुणीतरी आपल्यासाठी गाडी घेऊन नक्की येणार, हे माहीत असणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको होतं. मी मान हलवली. मग त्यानंही हलवली.

दुसऱ्या दिवशी सहाला आम्ही गल्लीत पोचलो तेव्हा रिक्षाच्या काचेवर दव होतं. पृथ्वीराज शालीत गुंडाळलेला, जयराजच्या खांद्यावर. मी झाकण उचलून हात लावला. लोखंड इतकं गार की बोटं आखडली. अण्णा पायरीवर बसूनच होते, उठले नाहीत. मी सीटवर बसून किल्ली फिरवली आणि बटण दाबलं. खरखर झाली आणि इंजिन गप्प. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जयराजच्या तोंडावर तीच मार्गशीर्षातली कळा. ह्या माणसाचं सगळं खरं, फक्त गाडी खोटी निघाली, असं वाटून मी रडायच्या बेताला आले.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "आवं ताई, पेट्रोलचा कॉक. उभी केली की बंद करतोय मी रोज, सवय हाय. किल्ली दिली आन् त्येवढं सांगायचं ऱ्हायलं."

कॉक सीटखाली होता. मी तो उघडला, दहा आकडे मोजले, बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. आवाज आधी घोगरा, मग एकसारखा झाला. मी खाली उतरून पृथ्वीराजचं तोंड पुसायचं पांढरं धडपं सायलेन्सरसमोर धरलं, मिनिटभर. त्याला थोडी ओल आली, काळं काही लागलं नाही. जयराज पोराला मुद्दाम मागच्या बाजूला घेऊन उभा राहिला. पृथ्वीराज खोकला नाही. गाडीला उद्देशून त्यानं "डुर्र" केलं.

मी अण्णांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले आणि म्हणाले की दर महिन्याला व्हॉल्व्हचं सेटिंग विसरू नका.

कागदपत्रं व्हायला तीन आठवडे गेले. त्यानंतरच्या शुक्रवारी शालूबाईंना न्यायची जयराजची पहिली पाळी होती. पृथ्वीराजला डॉक्टरांना दाखवायचं होतं म्हणून मीही निघाले. गाडी मागल्या गल्लीत नेली तेव्हा अण्णा शालूबाईंच्या दारात आधीच उभे होते. म्हातारी नव्या माणसाला बिचकेल म्हणून पहिल्या दिवशी सोबत येतो म्हणाले. त्यांनी शालूबाईंना दंडाला धरून चढवलं, त्यांची पिशवी पायाशी ठेवली, आणि वळून पुढच्या सीटकडं गेले. तिथं जयराज बसला होता. अण्णा क्षणभर हँडलकडं बघत थांबले. मग मागं आले आणि आमच्याशेजारी अंग चोरून बसले. स्वतःच्याच गाडीत कुठं धरायचं ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून मी पृथ्वीराजला त्यांच्या मांडीवर दिलं.

गाडी किलोमीटरभर पेट्रोलवर गेली. मग जयराजनं खटका गॅसवर टाकला, तेव्हा अण्णांनी मान किंचित हलवली.

त्यांनी खाकी शर्टच घातला होता. खिशावरचा रिक्षावाल्याचा बिल्ला काढलेला होता. सगळा शर्ट उन्हानं विटून पांढुरका झालेला, पण बिल्ल्याखालचा तेवढा चौकोन अजून गडद, नव्या कापडासारखा. पृथ्वीराज त्या चौकोनाच्या कडेनं बोट फिरवत होता, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि अण्णा सांगली येईपर्यंत हलले नाहीत.