पूर्वेला चाळीस मीटर

वैजापूरकडच्या माळावर लांडगीनं पिल्लं घातली होती आणि त्याच माळासाठी खडी क्रशरचा अर्ज पडला होता. लांडगी नेमकी कुठं फिरते ते महिन्यात नकाशावर दाखवा, तेवढा तुकडा सोडू, असं कचेरीतले साहेब म्हणाले. लांडगीच्या गळ्यात घालून तिची जागा कळवणारी परदेशी कॉलर संभाजीनगरच्या आमच्या छोट्या संस्थेला झेपणारी नव्हती. म्हणून संस्थेच्या इंद्रजीत सरांनी सुटे भाग आणून स्वस्तातली जीपीएस कॉलर जुळवली. ती खरं सांगते का, हे तपासायचं काम माझ्याकडं. मी बारावी नापास, तक्ते करायला मोबाईलवर बघून शिकलेली. त्यामुळं दुसऱ्याची परीक्षा घ्यायला मला जरा जास्तच आवडतं.

रीत सोपी होती. खुणेच्या दगडावर कॉलर ठेवायची, आठ दिवस हलवायची नाही. ती सांगेल ती जागा दगडापासून जितकी लांब, तितकी तिची चूक. एकदाही दहा मीटरपलीकडं गेली तर नापास. राखणीला भागूबाई होत्या. त्यांच्या शेळ्या रोज तिथंच चरतात. कुणाला हात लावू देऊ नका, एवढं मी बजावलं.

चूक निघाली चाळीस मीटर. मी दोनदा तपासलं, ऐटीत सही केली, कॉलर नापास असा अहवाल कचेरीत पाठवला. साहेबांनी आमची फाइल बंद केली.

पुढच्या आठवड्यात तक्ता पुन्हा उघडला. चूक फक्त दुपारी बारा ते चार, आणि रोज पूर्वेलाच. एरवी कॉलर दगडाला चिकटून. चूक अशी घड्याळ बघून येत नसते. मी माळावर गेले.

"कुणालाच हात लावू नाय दिला बघ, माय," भागूबाई म्हणाल्या. "दुपारचं लई तापायचं ते. म्हून मीच बाभळीखाली ठिवत व्हते. उन्हं कलली का परत दगडावर. तुझी वस्तू, जपाया नगं का?"

मी टेप लावली. दगडापासून बाभूळ, पूर्वेला, चाळीस मीटर.

तिथूनच सरांना फोन केला. ते म्हणाले, क्रशरची मंजुरी सोमवारीच निघाली, आणि तिला आपला अहवाल जोडलाय.

मी टेप गुंडाळत बसले. भागूबाई जवळ आल्या.

"पास झालं का गं ते?"

"झालं, आजी."

"मग लांडगीला कवा घालता?"

टेकाडापलीकडं क्रशरवाल्यांचा पोकलेन सुरू झाला. शेळ्या बिथरल्या, आणि उत्तराची वाट न बघता भागूबाई त्यांना वळवायला धावल्या.