काजळ्याचा राखून ठेवलेला अध्याय

मी पाचवा बोलतोय. 'असुरवाट' या पाच भागांच्या पुस्तकमालिकेतला पाचवा आणि शेवटचा. पहिला भाग नुसती ओळख करून देतो, मधले तिघे गुंता वाढवत नेतात आणि निस्तरायचं कुणी? मी. जाडीलाही मीच सगळ्यांत भारी. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण चौघं थोरले भाऊ माझं कौतुक करतील या आशेवर किती दिवस बसायचं?

आमची गोष्ट थोडक्यात सांगतो. अमृताचा कुंभ पळवताना थेंब सांडले आणि त्यातला एक आमच्या नाशकात पडला, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या लेखिकेने त्यात आणखी एक थेंब सांडवला, जो देवांच्याही लक्षात आला नाही. तो शोधायला मृण्मयी नावाची मुलगी निघते आणि तिच्याबरोबर असतो काजळ्या, एका असुराचा पोरगा. चौथ्या भागाच्या शेवटी काजळ्या विषारी बाण लागून कड्यावर लोंबकळतो आणि तिथेच पुस्तक संपतं. वाचकाला असं टांगून ठेवायचं आणि आपण दोन वर्षं गप्प बसायचं, हा लेखकांचा जुना धंदा आहे.

त्या दोन वर्षांनी माझा जन्म झाला. छापखान्यात माझ्या पाठीला गरम गोंद लागला, तिन्ही बाजूंनी कडा कापल्या गेल्या, वर सोनेरी अक्षरं चढली. मग मी खोक्यात बसून मखमलाबादला आलो, निकिताच्या घरी.

निकिता दहावीत. घरची फुलशेती, झेंडू आणि शेवंती. गोठ्याशेजारी पत्र्याची शेड आहे, तिथे सणासुदीला बाया हार ओवायला बसतात. हात गुंतलेले आणि कान मोकळे, त्यामुळे काहीतरी ऐकायला लागतंच. निकिताचा दादा रोहित शाळेत असल्यापासून तिथे पोत्यावर बसून आम्हाला मोठ्याने वाचायचा. काजळ्यासाठी तो घशातून असा काही घोगरा आवाज काढायचा की गोठ्यातली म्हैस मान वळवायची. माझ्या चारही भावांचं वाचन असंच झालं, दर नवरात्रात एक. चौथा संपला तेव्हा दोघा भावंडांनी एकमेकांना वचन दिलं होतं, पाचवा आला की एकत्रच वाचायचा.

मी आलो तेव्हा रोहित ओझरला नोकरीला लागला होता आणि तिथेच मित्रांबरोबर खोली घेऊन राहत होता. निकिताने मला हातात घेऊनच फोन लावला.

"दादा, आला! पाचवा आला! रविवारी येतोस ना?"

"मला कुठे वेळ आहे? तूच वाच," तो म्हणाला. मागे कुणीतरी हसत होतं. "आणि ती लहान पोरांची पुस्तकं आहेत निक्के. मोठी हो आता."

निकिताने फोन ठेवला. तिने मला कपाटात टाकलं, शाळेच्या जुन्या गणवेशाखाली. मी! सोनेरी अक्षरांचा! महिनोन्‌महिने डांबरगोळ्यांचा वास घेत पडलो. मला राग आला होता हे कबूल करतो, पण त्याहून जास्त वाईट त्या पोरीचं वाटलं. ती रोज कपाट उघडायची, गणवेशाची बाही जरा सरकवायची आणि पुन्हा झाकायची.

नवरात्र आलं. शेडमध्ये झेंडूचे ढीग पडले आणि भागीबाई, गोजराबाई सुई-दोरा घेऊन बसल्या. पहिल्याच दिवशी भागीबाईंनी विचारलं, "काय गं निकिता, त्या काजळ्याचं पुढं काय झालं? दोन वर्सं झाली, पोरगं कड्याला लटकलंय."

"मला नाही माहीत."

"पुस्तक नाय आलं का अजून?"

निकिताची आई उज्वला म्हणाली, "आलंय की. कपाटात हाय."

मग काय विचारता! दोघी हात आखडून बसल्या. गोजराबाईंनी जाहीर केलं की काजळ्याला कड्यावरून वर घेतल्याशिवाय त्या एक फूल ओवणार नाहीत. दसऱ्याचा माल अंगावर आलेला, उज्वलाने मला कपाटातून काढलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं.

निकिता आधी फुरंगटून वाचत होती. काजळ्याचं बोलणं आलं की तिचा आवाज बारीक व्हायचा. "रोहितसारखा आवाज काढ की," असं कुणी म्हटलं की ती आणखी पुटपुटायची. पण मी काही ऐरागैरा नाही. दुसऱ्या प्रकरणापर्यंत मी तिला धरलं आणि तिसऱ्यात बायांच्या सुया थांबल्या. "असुर असला म्हणून काय झालं," भागीबाई म्हणाल्या, "कुणाच्या तरी पोटचंच हाय ना ते. बाई, मारू नको गं त्याला." जणू निकिताच्याच हातात होतं सगळं.

नवमीच्या संध्याकाळी शेवटचा अध्याय उरला. थेंब सापडला होता. मृण्मयीही घायाळ, काजळ्याही घायाळ आणि थेंब एकच. निकिताने पान उलटायला बोट ओलं केलं, तेवढ्यात तिच्या आजीने, कुसाबाईंनी, हात आडवा घातला.

कुसाबाई दर श्रावणात घरी पोथी लावतात. त्यांच्या लेखी मोठ्याने वाचलं जातं ते सगळं पोथीच.

"थांब. ही समाप्ती हाय. समाप्तीला घरचं समदं माणूस लागतं. रोहित आल्याबिगर वाचायचं नाय."

"आजी, हे गोष्टीचं पुस्तक आहे!"

"मग पोथीत काय असतं? गोष्टच असती ना?" असं म्हणून त्यांनी माझ्या चकचकीत पुठ्ठ्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली, मला लाल फडक्यात बांधलं आणि देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवलं. सोनेरी अक्षरांवर कुंकू! त्या वेळी मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

निकिता माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते. "तो येणार नाही, आजी. उद्या दसरा आहे, उद्यापर्यंत वाट बघते. नाही आला तर ही सगळी पुस्तकं देऊन टाकते कुणाला तरी. मला नकोत घरात."

फडक्याच्या आत माझं पान न् पान गार पडलं. शेवटच्या पुस्तकाला सगळ्यात मोठी भीती असते ती शेवट न वाचला जाण्याची.

पण एक गोष्ट निकिताच्या लक्षात आली नव्हती. काजळ्या जगतो की मरतो हे दोन बायांना कळायचं राहिलं होतं, आणि ते कळल्याशिवाय त्या स्वस्थ झोपणाऱ्यांतल्या नव्हत्या. गोजराबाईंनी ओसरीवरूनच फोन लावला, "अरे रोहित, तुझ्यापायी ते पोरगं अडकून पडलंय, तुला काही वाटतं का?" मग भागीबाईंनी फोन ओढून घेतला, "तुझी आजी पुस्तक सोडंना झालीय. सुट्टी हाय ना उद्या? मग गुमान ये." शेवटी त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, "बहीण रडतीय रे तुझी."

दसऱ्याला पाटावर माझ्या शेजारी खुरपं, हार ओवायची सुई आणि निकिताची वह्या-पुस्तकं मांडली होती. पूजा झाली, जेवणं झाली. दुपार कलली तसा रोहित आला, हातात आपट्याच्या पानांची डहाळी. सगळ्यांना सोनं देऊन झालं, पण बहिणीसमोर तो नुसता उभा राहिला.

"खोलीवरच्या पोरांना माझ्या बॅगेत चौथा भाग सापडला होता," तो म्हणाला. "लय हसले. त्याच वेळी तुझा फोन आला. तेच हसणं मी तुझ्यावर ढकललं."

"वाचलंस का तू पाचवा?" निकिताने खाली बघत विचारलं.

"छे! बसमध्ये कुणी शेवट सांगायला लागलं की मी उठून दुसरीकडे बसायचो. ठरलं होतं ना आपलं?"

निकिताने त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. समेट झाला हे मला तेव्हाच कळलं.

कुसाबाईंनी फडकं सोडलं. शेडमध्ये सगळे जमले आणि रोहित त्याच जुन्या पोत्यावर बसला. काजळ्याचं पहिलं वाक्य आलं आणि घशातून तोच घोगरा आवाज निघाला. म्हशीने मान वळवली. पुढे एका जागी रोहितचा आवाज चिरकला तेव्हा निकिताने मला त्याच्या हातातून घेतलं आणि तो आवाज तिने काढला. हुबेहूब जमला. मग एक पान त्याने, एक पान तिने, असं शेवटापर्यंत. काजळ्याचं काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्याकडून शेवट फुटायचा नाही. भागीबाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या, एवढंच सांगतो.

शेवटची ओळ वाचून झाली. हाच तो माझा क्षण, यापुढे कुणी काही वाचणार नाही, असं म्हणून मी छाती फुगवली. तेवढ्यात कुसाबाई म्हणाल्या, "संपली म्हणू नाय. आता पयल्याच्या चार ओळी वाच, म्हंजी पोथी चालू राहती." रोहितने कोपरे फाटलेल्या पहिल्या भागाला हातात घेतलं आणि वाचायला लागला. काजळ्या पुन्हा लहान होता, अजून कुणाला भेटायचा होता. मला मत्सर वाटायला हवा होता. पण निकिता दादाच्या खांद्याला टेकून ऐकत होती आणि मला फार बरं वाटलं.

जाताना रोहितने तो पहिला भाग बरोबर नेला, बॅगेत नाही, हातात धरून. खोलीवरच्या पोरांना मोठ्याने वाचून दाखवणार म्हणे. परवा त्याचा फोन आला तेव्हा हसणारी तीच पोरं मागून ओरडत होती, "अरे, दुसरा कधी आणतोस?"

आता मी निकिताच्या फळीवर असतो. पुठ्ठ्यावर कुंकवाचा डाग आहे, पानांत झेंडूची पाकळी अडकली आहे आणि दोन्हींचा मला तोरा आहे. तुमच्याकडेही माझ्यासारखा एखादा असेल, कुणाशी तरी ठरवून न वाचलेला. त्याला रद्दीत घालू नका. एक फोन लावा, आम्ही तोवर थांबतो.

ओझरची पोरं तिसऱ्या भागापर्यंत आली आहेत. चौथ्याच्या शेवटी तीही कड्यावर लटकतील. मग येतीलच माझ्याकडे.