सहाव्या मजल्याचं दार

फौजेतून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो, पण लिफ्ट दुरुस्तीच्या कोर्सला सगळे मला 'मेजर' म्हणत. फुकटची बढती कोण सोडतो! बेचाळिसाव्या वर्षी वही-पेन्सिल घेऊन बाकावर बसलो. शेवटचे तीन महिने मिस्त्रींच्या हाताखाली काम. मिस्त्री साठीला टेकलेले, तोंडाने फटकळ. "सॅल्यूट नको मारूस, ग्रीस मार," असं पहिल्याच दिवशी म्हणाले.

फौजेतल्या एकोणीस वर्षांत एक गोष्ट माझ्या हाडीमाशी भिनली होती. वरून हाक आली की आधी 'होय' म्हणायचं, मग धावत जाऊन ते काम करायचं. तिथे 'अजून नाही झालं' हे कुणी ऐकून घेत नाही, आणि मधल्या दोन मिनिटांत काम उरकलं की 'होय' खोटंही ठरत नाही.

त्या दिवशी आम्ही एका सात मजली इमारतीत दारांची कुलुपं बघत होतो. लिफ्ट समोर नसेल तर मजल्यावरचं दार बाहेरून उघडता कामा नये, ते काम त्या कुलपाचं. सहाव्या मजल्यावर मिस्त्रींनी कुलूप सैल केलं. "मी वर जातो. तू दोन्ही स्क्रू आवळ, दार ओढून बघ," म्हणाले आणि गेले. मी स्क्रूड्रायव्हर उचलतोय तोच खालून वॉचमन ओरडला, की आमची शिडी गाड्यांच्या वाटेत आहे. खाली जाऊन शिडी हलवली. परत जिना चढत होतो तेव्हा वरून हाक आली.

"सहावा झाला?"

"होय!"

आता जाऊन आवळायचं, एवढंच. पण मिस्त्रीच समोरून उतरत आले. "चल, आटपलं. सामान भर गाडीत." मी सामान भरलं. सहावा मजला डोक्यातून साफ गेला.

दुसऱ्या दिवशी त्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी दार ओढलं आणि ते उघडलं. लिफ्ट पाचव्यावर होती म्हणून जीव वाचला. तिच्या टपावर पडल्या, उजव्या पायाची नडगी मोडली. शिलाई मशीन त्या पायानेच चालवायच्या.

कंपनीच्या इंजिनियर साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "मी मेजरला सांगून वर गेलो होतो," मिस्त्री म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कोर्सचा दाखला महिन्यावर आला होता, बायकोने शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवलं होतं.

"सहाव्याचं मला काही बोललेच नाहीत, साहेब."

मिस्त्री भांडले नाहीत, नुसते बघत राहिले. फौजी माणूस कशाला खोटं बोलेल, असं म्हणून साहेबांनी त्यांना घरी बसवलं.

पहिलं खोटं सवयीनं निघालं होतं, दुसरं भीतीनं. मला माझीच किळस आली. बायको विचारायची, "अन्न गोड का लागत नाही तुम्हाला?" आणि मी तिच्यावरच खेकसायचो. म्हणजे चोर तो चोर, वर शिरजोर. पाचव्या दिवशी सकाळी साहेबांपुढे सगळं ओकलो.

साहेब म्हणाले, "तुझा कोर्स संपला. मिस्त्रींना उद्यापासून यायला सांग. तूच जाऊन सांग, मी फोन करणार नाही."

घराचं दार मिस्त्रींनीच उघडलं. दाढी वाढलेली. मी उभ्या उभ्याच बोललो, "तुम्ही मला सांगितलं होतं. मी होय म्हणालो होतो. साहेबांपुढे खोटं मी बोललो. उद्यापासून तुम्हाला कामावर बोलावलंय." शिव्या खायची तयारी होती, थोबाडीत खायचीही.

"म्हणजे मी सांगितलं होतं?"

"होय."

"नक्की? काय म्हणालो होतो?"

"दोन्ही स्क्रू आवळ, दार ओढून बघ."

ते हळूच खुर्चीत बसले. "तू इतकं ठाम बोललास, मला वाटलं मीच विसरलो. हिलाही तसंच सांगितलं. चार दिवस ही मला गॅस पेटवू देत नाही. एकट्याला रस्त्यावर सोडत नाही." मग आत हाक मारली, "अगं, बाहेर ये." आणि मला म्हणाले, "हिला सांग. माझं नाही पटायचं तिला."

काकू ओले हात पुसत आल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. नोकरीचं त्यांनी विचारलंच नाही.

"म्हणजे यांच्या डोक्याला काही झालेलं नाही?"

"नाही, काकू."

त्यांनी डोळे टिपले आणि मला हाताला धरून आत नेऊन बसवलं. "देव भलं करो तुमचं, सांगायला आलात." मग मिस्त्रींकडे वळल्या. "अहो, आज तुम्ही टाका ना चहा. यांच्यासाठी."

मिस्त्री उठून स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. तो चहा मला प्यावा लागला.