कांद्यात हिरवं नसतं

दोन्ही जावा एकाच शाळेत विज्ञान शिकवायच्या. मोठी नववी-दहावीला, धाकटी खालच्या वर्गांना. शाळेत चालू असलेला सूक्ष्मदर्शक एकच होता, आणि तो ज्या कपाटात असायचा त्याची किल्ली मोठीच्या पर्समध्ये. पोरं काचा फोडतात म्हणून मोठी तो बाहेरच काढायची नाही. भिंतीवरच्या तक्त्यावर पट्टी ठेवून ती पेशी शिकवायची: ही पेशीभित्तिका, हे केंद्रक, ही हिरवी हरितलवकं. पोरं घोकायची.

मोठी आजारपणाच्या रजेवर गेली, तेव्हा धाकटीने मुख्याध्यापकांकडून दुसरी किल्ली मिळवली. कांद्याचा पापुद्रा सोलून, त्यावर आयोडीनचा थेंब टाकून तिने सगळ्या वर्गांना रांगेने पेशी दाखवल्या. रांगेत तिची स्वतःची मुलगीही होती. ती नववीत, म्हणजे मोठीच्याच वर्गात. मोठी परत आल्यावर तिला हे कळलं. त्यानंतर घरातल्या चुली वेगळ्या झाल्या आणि सासूबाईंनी कुणाकडे जेवायचं यावरून रोज धुसफूस सुरू झाली.

मग सहामाही आली. वनस्पती पेशीची आकृती काढून नावं द्या, असा प्रश्न होता. मुलीने विटा रचल्यासारख्या पेशी काढल्या, कडेला सरकलेलं केंद्रक काढलं, हरितलवकं काढलीच नाहीत. खाली लिहिलं, 'कांद्याची पेशी, पाहिल्याप्रमाणे.' मोठीने लाल पेनने आख्ख्या आकृतीवर फुली मारली आणि पेपर वर्गात उंच धरून म्हणाली, "काहींना आई दाखवेल तेवढंच दिसतं." वर्ग हसला. मुलगी मान खाली घालून बसली.

धाकटीला पेपर सापडला तो दप्तर आवरताना. दुसऱ्या दिवशी ती तो घेऊन थेट मुख्याध्यापकांकडे गेली आणि त्यांनी दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. मोठीने कांदा स्वतःच्या हाताने सोलला, म्हणजे नंतर कुणी बोट दाखवायला नको. नळीला डोळा लावून ती बराच वेळ वाकून राहिली.

"हिरवं काही दिसतंय का, जाऊबाई?" धाकटीने विचारलं.

"कांदा जमिनीत वाढतो. उजेड नाही, म्हणून हरितलवकं नाहीत. हे तू मला शिकवू नकोस," मोठी म्हणाली. "प्रश्न वनस्पती पेशीचा होता, कांद्याचा नव्हता."

"मग कांदा काय, खनिज आहे?"

मुख्याध्यापकांनी अर्धे गुण देऊन मिटवा असं सुचवलं. ते दोघींनाही मान्य नव्हतं. शेवटी त्यांनी मुलीलाच बोलावलं. आत आल्यावर तिने आईकडे पाहिलं नाही. घरी जिला ती काकू म्हणायची, ती शाळेत मॅडम होती. तिच्याकडे वळून मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पानातली पेशी मी कधी पाहिलीच नाही. दाखवाल?"

मोठीला नाही म्हणता येईना. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या माशांच्या टाकीतून तिने पाणवनस्पतीचं एक पान खुडून आणलं, काचपट्टीवर ठेवलं आणि बाजूला झाली. मुलगी पाहत राहिली. मग खुर्ची ओढून तिने तिथेच आकृती काढली, यावेळी हरितलवकांसकट. मोठीने ती तपासली, दोन्ही आकृत्यांना पूर्ण गुण दिले आणि पेपर धाकटीच्या हातात न देता टेबलावर टाकला.

आपण जिंकलो असं धाकटीला वाटायला हवं होतं. पण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात मुलीचं ते 'दाखवाल?'च ठणकत होतं.

"तिच्यापुढे हात पसरायची काय गरज होती?" तिने दारातच विचारलं. "मी तुझ्यासाठी भांडत होते."

"माझ्यासाठी?" मुलगी म्हणाली. "वर्ग मला हसला, ते तू विचारलंस तरी का? तुला काकूंना खाली बघायला लावायचं होतं."

धाकटीने गॅस पेटवला, पातेलं ठेवलं, पुन्हा उतरवलं. मग जरा पडत्या आवाजात तिने विचारलं, "काय दिसलं तुला?"

"हिरवे दाणे. पेशीच्या कडेकडेने फिरत होते," मुलगी म्हणाली, आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.