आजारी मुलाची खाट

मित्रांनो, दमलेली माणसे खाटेवर येऊन पडतात. खाटच दमली तर तिने कुठे पडावे, हे मला आजवर कोणी सांगितलेले नाही. मी एक जुनी लोखंडी खाट आहे. मोकनीन गावात कपडे शिवण्याचे कारखाने आहेत, त्यांच्या मागच्या गल्लीत नझीहाबाईंची बालवाडी आहे, आणि तिथल्या एका चिमुकल्या खोलीत मी अकरा वर्षांहून अधिक काळ उभी आहे. दारावर पाटी आहे, 'आजारी मुलाची खोली'. बालवाडीचा परवाना हवा असेल तर अशी खोली आणि अशी खाट ठेवावीच लागते. म्हणजे मी कोणाच्या हौसेने आलेली नाही, सरकारी नियमाने आलेली आहे.

मला सि हमादी लोहाराने घडवले; सि म्हणजे आमच्याकडे पुरुषाच्या नावाआधी लावायचा मान. खिडक्यांच्या जाळ्या करून उरलेले गज त्याने माझ्यासाठी वापरले, म्हणून माझ्या उशाशी अजून जाळीतली दोन गोल वळणे आहेत. नझीहाबाई नियमांचा कागद हातात धरून भट्टीपाशी उभ्या होत्या. लांबी इतकी, जमिनीपासून उंची इतकी, कोपरे गोल, रंग धुता येईल असा. सि हमादी वैतागून म्हणाला, "लल्ला, एवढी मापं तर जुन्या राजाच्या पलंगालाही लागली नसतील. पोर झोपवायचंय ना?" लल्ला म्हणजे आमच्याकडे बाईमाणसाला मानाने मारलेली हाक. नझीहाबाई म्हणाल्या, "पोर नंतर झोपेल. आधी तपासनीस उभा राहील." तेव्हा मला ते बोलणे गमतीचे वाटले होते.

नझीहाबाईंविषयी वाकडे बोलणार नाही. त्यांनी स्वतः बारा वर्षे कारखान्यात शिवणयंत्र चालवले होते. सकाळी साडेसहाला पोर कोणाच्या पदरात टाकून जायचे, ही विवंचना त्यांनी पोटच्या मुलासाठी भोगली होती. म्हणून तर वडिलांच्या घरात त्यांनी ही बालवाडी काढली. मदतीला खालती मबरूका. खालती म्हणजे मावशी, आणि मबरूका साऱ्या गल्लीचीच मावशी होती. दात थोडे, बोलणे तिखट, हात मात्र उबदार.

पहिली तीन वर्षे मी खरी खाट होते. गालगुंड, जुलाब, फुटलेला गुडघा, सगळे माझ्याकडे यायचे. खालती कोमट ऑलिव्हचे तेल मुलांच्या छातीला चोळायची आणि ते माझ्या गादीलाही लागायचे. कितीतरी मुले खोटे खोकून माझ्यावर येऊन पडत. खालतीला ते कळत असे, पण ती दहा मिनिटे कळू देत नसे.

चौथ्या वर्षी एक तरुण तपासनीस आला. त्याच सकाळी एका मुलाला माझ्यावर उलटी झाली होती. चादर बदलली होती, पण गादीवर ओला डाग होता. त्याने शेरा लिहिला : 'आजारी मुलाच्या खाटेवर डाग. अस्वच्छ.' त्या एका ओळीपायी बालवाडीला दोन महिने टाळे लागले. त्या दोन महिन्यांत मुले कुठे गेली असतील? एक घरात कोंडून ठेवलेला होता. दोघी बहिणी एका गॅरेजमध्ये, जिथे परवानाही नव्हता आणि खिडकीही. हे ऐकून नझीहाबाई रडल्या, आणि टाळे निघाले त्या दिवशी त्यांनी माझ्यावर जाड प्लास्टिकचे आवरण घातले, खोलीला कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात अडकवली. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलीच ही गत.

पुढची आठ वर्षे मी निष्कलंक राहिले. तपासणीच्या दिवशी कुलूप निघे, आवरण निघे, इस्त्रीची चादर चढे. तपासनीस वाकून बघत, बोटाने गज पुसत, मान डोलवत. एकीने तर माझा फोटो काढला, बाकीच्या बालवाड्यांना दाखवायला. गाडी गेली की पुन्हा प्लास्टिक. आजारी मुले स्वयंपाकघरातल्या गवती चटईवर खालतीच्या मांडीशी निजत. मला त्या फाटक्या चटईचा हेवा वाटायचा. काम करून येणारा शीण मी सोसला असता, मित्रांनो. रिकामे उभे राहून येणारा शीण कशाने जात नाही.

आता ज्या दिवसासाठी मी हे सारे सांगते आहे, त्या दिवसाकडे येते. फेब्रुवारीतला बुधवार होता. परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि नव्या परवान्याआधी तपासणी व्हायची होती. तस्नीम नावाची चार वर्षांची मुलगी सकाळी आली तेव्हाच मलूल होती. नऊ वाजता खालतीने तिच्या कपाळाला हात लावला आणि नझीहाबाईंना बोलावले. नझीहाबाईंनी तिच्या आईच्या कारखान्यात फोन केला. मुकादमीण म्हणाली, बायकांचे फोन कपाटात आहेत, यंत्रे बाराला थांबतील, तेव्हा निरोप देईन. नझीहाबाईंनी बरे म्हटले. बारा वर्षे त्याच यंत्रांवर काढलेले माणूस आणखी काय म्हणणार?

साडेदहाच्या सुमारास कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा, सि लझहरचा फोन आला. तपासणी खात्याची पांढरी गाडी टॅक्सीतळापाशी वळली होती.

मग नेहमीची धावपळ. फरशीवर जाव्हेलचे, म्हणजे जंतू मारायच्या औषधाचे पाणी पडले, त्याचा उग्र वास माझ्या खोलीपर्यंत आला. मुलांची नखे बघितली गेली, पेले उपडे झाले. माझे कुलूप निघाले. नझीहाबाई चादरीची सुरकुती हाताने काढत होत्या, तोच खालती तस्नीमला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली.

"नझीहा, पोरी, सरक. हिला इथं निजवते."

"आज नाही, खालती."

"मग कधी? पोर भाजतंय नुसतं."

"आज ती खाट दाखवायची आहे," नझीहाबाई म्हणाल्या. "एक शेरा आला तर बासष्ट पोरं रस्त्यावर येतील. तुला ते गॅरेज आठवतंय ना? घटकाभर कोठीत ने तिला. घटकाभरच."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्याच वेळी ओरडले असते. कोठी म्हणजे माझ्या भिंतीपलीकडची खोली, रव्याच्या पोत्यांची. खालती तिला तिकडे घेऊन गेली. पोत्यांवर तिला निजवल्याचा आवाज मला ऐकू आला. आजारी मुलासाठी घडवलेली खाट इकडे, आणि आजारी मूल तिकडे. मध्ये एक वीतभर भिंत.

तपासनीस मादाम वसीला आल्या. निवृत्तीला महिना राहिलेला, पाय सुजलेले, सकाळपासूनची तिसरी बालवाडी. जिन्याचे कठडे, खिडक्यांचे गज, औषधांची पेटी, सगळे बघून त्या माझ्या खोलीत आल्या. खोलीत खुर्ची नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि सरळ माझ्यावर बसल्या. आठ वर्षांनी माझ्यावर माणसाचा भार आला. माझे सगळे सांधे कुरकुरले, आणि खरे सांगते, मला बरे वाटले.

त्यांनी तापमापक मागितला. तो कंपनीच्या पाकिटात जसाच्या तसा होता. त्यांनी आजाराची नोंदवही मागितली. तीही कोरी.

"लल्ला नझीहा," मादाम वसीला वही मिटत म्हणाल्या, "बासष्ट मुलं. वर्षभरात एकालाही ताप नाही, खोकला नाही. काय खाऊ घालता हो त्यांना?"

"बसीसा, मादाम. सकाळी भाजलेल्या पिठाचा, तेल घालून."

"मग मलाही द्या वाटीभर. माझे गुडघे बरे होतायत का बघू."

नझीहाबाई कशाबशा हसल्या. आणि भिंतीपलीकडून खोकला आला. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना. मादाम वसीला भिंतीकडे बघत राहिल्या. नझीहाबाई जमिनीकडे. मग कोठीचे दार उघडल्याचे ऐकू आले आणि खालती मबरूका तस्नीमला घेऊन खोलीत आली. तिने मादामना सलाम केला नाही की नझीहाबाईंकडे पाहिले नाही.

"उठा, बाई," ती म्हणाली. "ही जागा हिची आहे."

मादाम वसीला उठल्या. खालतीने तस्नीमला माझ्यावर ठेवले. काय तापले होते ते लेकरू! माझे लोखंड गार होते, गादीही गार होती, आणि ती ऊब गादीतून माझ्या गजांपर्यंत उतरत गेली. खालतीने व्हिनेगारात भिजवलेले फडके तिच्या कपाळावर ठेवले. पाणी ओघळून इस्त्रीच्या चादरीवर पसरले. मादाम वसीलांनी तापमापकाचे पाकीट स्वतः फाडले. ताप एकशे तीनच्या वर होता.

त्यांनी कारखान्यात फोन लावला, आपल्या खात्याचे नाव सांगितले आणि म्हणाल्या की आई दहा मिनिटांत इथे हवी, नाहीतर मी तिथे येते. मग गावच्या दवाखान्यात डॉक्टर आहेत का ते विचारले. नझीहाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या. "लिहा, मादाम," त्या म्हणाल्या. "टाळंच लावा. मी काही बोलणार नाही."

मादाम वसीलांनी पेन काढले. "मी एकतीस वर्षं खाटा बघत फिरले," त्या म्हणाल्या. "चादर स्वच्छ, गज गोल, बरोबर, बरोबर. खाटेवर कधी कोणी निजलंय का, हे मी एकदाही विचारलं नाही. कागदावर तो रकानाच नाही." मग त्यांनी लिहिले, आणि मवाळ काही लिहिले नाही. आजारी मूल लपवले, आईला वेळेत बोलावले नाही, नोंद ठेवली नाही. परवाना तूर्त महिन्याचाच, पुढे पुन्हा तपासणी.

तस्नीमची आई आली तेव्हा तिच्या ओढणीला निळे दोरे चिकटलेले होते. मुलीला उचलून तिने विचारले, "कधीपासून ताप आहे?" "नवापासून," खालती म्हणाली. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

ती बाई ओरडली नाही. ओरडली असती तर नझीहाबाईंना सोपे गेले असते. ती म्हणाली, "लल्ला, पुढच्या वेळी कारखान्यात सांगा, माझी आई मेली. मग सोडतात."

तस्नीमच्या छातीत कफ भरला होता. नऊ दिवसांनी ती उतरलेल्या चेहऱ्याने परत आली, आणि नझीहाबाईंनी तिला कडेवरून खाली ठेवले नाही. प्लास्टिकचे आवरण त्यांनी केव्हाच कचऱ्यात टाकले होते. त्या महिन्यात माझ्यावर अकरा मुले निजली. चादरीला तेलाचे आणि औषधाचे डाग पडले, ते जाव्हेलनेही गेले नाहीत. एक गज सैल झाला. मी आता रोज दमते.

महिन्याने पुन्हा गाडी आली. मादाम वसीला निवृत्त झाल्या होत्या. गाडीत नवा माणूस होता, ना ओळख ना पाळख. सि लझहरचा फोन आला तेव्हा हैथम नावाचा मुलगा सुजलेले गाल घेऊन माझ्यावर झोपला होता आणि त्याची आजी त्याला न्यायला निघाली होती. नझीहाबाई इस्त्रीची चादर घेऊन दारात आल्या. खालती माझ्या उशाशी येऊन उभी राहिली. नझीहाबाईंनी मुलाकडे पाहिले, डागांकडे पाहिले, बाहेर गाडीचे दार वाजले. मला वाटले, आता उचलतात.

मित्रांनो, जाताजाता एवढेच सांगते. नियमांवर माझा राग नाही. ते नसते तर मी जन्मलेच नसते, आणि पुढे त्या गॅरेजला खिडकी पाडायलाही कोणी लावले नसते. पण तुमच्या शाळेत, दवाखान्यात, घरात एखादी वस्तू फक्त पाहुण्यांना दाखवायला जपून ठेवली असेल, तर ती कोणासाठी आणली होती ते एकदा विचारा. आणि त्याला ती वापरू द्या. डाग पडले तर पडू द्या.

नझीहाबाईंनी चादर घडीसकट कपाटात ठेवली आणि त्या तपासनिसाला सामोऱ्या गेल्या.

"या," त्या म्हणाल्या, "पण जरा हळू बोला. आत पोर झोपलंय."