खोक्याची वेळ

आमचे वडील, अण्णा, वारले, तरी निर्मळ गावच्या वाडीतली मोटर पहाटे त्यांच्या कंदील पेटवून निघायच्या वेळेलाच सुरू व्हायची. त्यांनी बसवून घेतलेल्या ऑटोमॅटिक खोक्याला बाहेरून बटणच नव्हतं. जास्त उपशाने विहीर खारट होऊ लागली होती, केळींची पानं पिवळी पडत होती.

"बंद करा," मी मेकॅनिकला म्हटलं.

"सील कंपनीचं आहे, ताई. आम्ही उघडत नाही."

"मोटर आमची ना?"

"मोटर तुमची. वेळ खोक्याची."

शेवटी मीच फ्यूज काढून पदरात बांधला.

पहाटे खोक्यातलं सेलवरचं घड्याळ नेहमीसारखं खट्ट वाजलं. मोटर गप्प राहिली. माझा भाऊ, दादा, मात्र रोजच्यासारखा उठला आणि फावड्याने कोरड्या पाटाचं तोंड केळींकडे वळवू लागला. त्याला हाक मारायला गेले, तेव्हा पाहिलं, माझ्या हातात अण्णांचा कंदील होता, पेटवलेला.