मुका विस्तव

शिओरीनं लोखंडी चुलीच्या दाराखालची हवेची झडप बोटानं हळूच ढकलून मिटली. आतल्या ज्वाळा मऊ पडल्या, दाराची काच धुरकटली.

"दाबलास पुन्हा बिचारीचा गळा?" मुळा किसता किसता सासूबाई, तोमिए, म्हणाल्या.

"गाकु आत्ता कुठे झोपलाय, आई. लाकूड तडतडलं की दचकतो तो."

"अगं, लाकूड यंदाच तोडलेलं, ओलं. असं धुमसत ठेवलंस की वर धुराड्यात डांबर धरतं, आणि एक दिवस तेच पेटतं. विस्तव बोलता असावा. मुक्याचा भरवसा नाही."

शिओरी नुसती हसली. पहिला बर्फ पडल्यापासून हेच चाललं होतं. वरच्या खोलीत, धुराड्याच्या उबेला लागून तान्ह्या गाकुची गादी होती. त्याच्या प्रत्येक झोपेला ती खाली विस्तवाचं तोंड मिटायची.

नवरा गोठ्यावरून गारठून यायची वेळ झाली, तशी तिनं चटकन पेटणारी भूर्जाची साल आत सारली आणि झडप सताड उघडली. जाळ उसळला. मग वरून घरघर आली. आधी लांबच्या ट्रकसारखी, मग छपरावरून मालगाडी चालल्यासारखी. चुलीवरचं नळकांडं थरथरलं, लालसर दिसू लागलं.

तोमिएंनी बादली उचलली.

"पाणी नको! फुटेल सगळं!" शिओरीनं झडप ठासून लावली. "बाहेर व्हा तुम्ही, बंबाला फोन करा!"

जिना कधी चढली, तिला कळलं नाही. वर भिंत हाताला चटकली. धूर नव्हता, नुसता डांबराचा उग्र वास. एवढ्या गर्जनेत गाकु हलतसुद्धा नव्हता.

ती त्याला छातीशी घेऊन अनवाणीच बर्फात धावली. धुराड्याच्या तोंडातून ठिणग्यांचं कारंजं उडत होतं. हवा तुटली तसा जाळ ओसरला, आवाज बसत गेला.

"विझतंय गं, विझतंय," तोमिए म्हणाल्या.

शिओरीला ते ऐकूच आलं नाही. गाकुचं डोकं तिच्या खांद्यावर सैल लोळत होतं. तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं. बधिर बोटाला काही कळेना. मग गाल लावला. श्वास होता. संथ, कोमट, दुधाच्या वासाचा.

गाढ झोपला होता.

तोमिएंनी खाली बसून तिच्या पायांत आपले बूट सरकवले. "बघ, कसा झोपाळू आहे. झोपू दे त्याला."

शिओरीनं दुपट्यात हात घालून ती इवली टाच शोधली आणि जोरात चिमटा काढला.

गाकु किंचाळला.

"अगं, हे काय करतेस!"

"रडू दे, आई," ती म्हणाली. "अजून मोठ्यानं रडू दे."